पुन्हा भुर्र

‘भुर्र’ हा शब्द काही मी मराठीला दिलेला नाही. तो होताच. दोन वर्षांच्या पोराच्या पायात चप्पल घालताना आपण सगळेच ‘चला, भुर्र जायचं’ म्हणतो. मी फक्त तो उचलून एका परदेशी सिनेमातल्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या तोंडात घातला. त्या माणसाच्या अंगातलं वजन एके दिवशी अचानक नाहीसं होतं आणि तो हवेत तरंगायला लागतो, अशी ती गोष्ट. सिनेमाला मराठीत आम्ही नाव दिलं ‘भुर्रवीर’. तो आला त्या उन्हाळ्यात आमच्या थळच्या किनाऱ्यावर पोरं वाळूच्या ढिगावरून उड्या मारताना ‘भुर्रर्र’ करून ओरडायची आणि मी भाजीची पिशवी घेऊन त्यांच्या शेजारून घरी यायचे. एकानेही कधी वळून पाहिलं नाही. पाहण्यासारखं काही नव्हतंच. साठी ओलांडलेली, गुडघ्यांनी त्रासलेली बाई, एवढंच.

माझा धंदा डबिंगचा. लोकांना वाटतं डबिंग म्हणजे भाषांतर करायचं आणि वाचून दाखवायचं. तसं असतं तर शाळेतल्या कुणाही बाईंनी ते केलं असतं. पडद्यावरचा माणूस त्याच्या भाषेत ओठ हलवतो. त्या हललेल्या ओठांत मराठी बसवायचं असतं. त्याचे ओठ मिटले की आपल्याला प, फ, ब, भ किंवा म लागतो, कारण एवढीच अक्षरं ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत. त्याने तोंड वासलं की आ लागतो. आणि मराठीची खोड अशी की आपलं वाक्य संपतं ते क्रियापदावर, म्हणजे उघड्या तोंडाने: आहे, नाही, गेला, आली. तिकडची माणसं बरेचदा ओठ मिटून वाक्य संपवतात. मग शेवटी काय घालायचं? ‘थांब’, ‘गप’ आणि ‘खूप’ या तीन शब्दांवर मी संसार केला म्हटलं तरी चालेल. माझे सगळे खलनायक ‘गप’ म्हणून थांबतात, ते त्यांच्या स्वभावामुळे नव्हे.

लिहिण्याबरोबर मी आवाजही द्यायचे. राण्या, चेटकिणी, सासवा आणि एक बोलकी मगर. माझे यजमान इथे खताच्या कारखान्यात होते. आठवड्यातले तीन-चार दिवस मी मांडव्याहून लाँच पकडून मुंबईला स्टुडिओत जायचे आणि संध्याकाळी परत. लाँचवर मी मनातल्या मनात ओठ हलवून वाक्यं बसवत असे. त्यामुळे रोजच्या प्रवाशांत माझी ख्याती ‘जप करणाऱ्या बाई’ अशी झाली होती. मीही ती मोडली नाही.

एवढ्या वर्षांत मला कुणी ओळखलं ते एकदाच. अलिबागच्या बाजारात एका कोळणीशी बोंबलाचा भाव करत होते. ती एकदम माझ्या तोंडाकडे बघत राहिली. म्हणाली, “बाय, तू ती राणी ना? टीव्हीवरची? सुनेला विष देनारी?”

मी हरखून मान डोलावली.

“मग जा,” ती म्हणाली, “सुनेला विष देतेस नि वर माझ्याकडं दोन बोंबील जास्तीचे मागतेस!”

तो माझा जाहीर सत्कार. घरी येऊन यजमानांना सांगितलं, तेव्हा ते दिवसभर हसत होते.

डबिंगचं काम देणारी गिऱ्हाइकंही एकेक भेटली. एका साहेबांनी वाढदिवसाच्या प्रसंगात ‘केक’ शब्दाला हरकत घेतली. मराठी माणूस केक कशाला खाईल, ‘लाडू’ करा. मी म्हटलं, साहेब, पडद्यावर त्याला मेणबत्त्या लावल्यात. ते म्हणाले, आवाज मोठा ठेवा, लोकांचं लक्ष जाणार नाही. शेवटी त्या गोऱ्या पोरीने पाच मजली लाडवावरच्या मेणबत्त्या फुंकल्या. आणि खरं सांगायचं तर खरोखरच कुणाचं लक्ष गेलं नाही. आमच्या कामाचं सगळं सुख आणि सगळं दुःख त्या एका वाक्यात आहे.

आता दत्ताबद्दल. दत्ता उरणकडचा आगरी. वडील मिठागरात राबले. मिठागरं गेली, त्या जागी कंटेनरची यार्डं आली आणि त्याचे भाऊ ट्रेलरच्या धंद्यात शिरले. दत्ता एका गोदामात कारकून होता आणि सुट्टी टाकून डबिंगला यायचा. पहारेकरी, टॅक्सीवाला, गर्दीतला दुसरा माणूस अशी त्याची कामं. भाऊ चिडवायचे, “तोंड दिसत नाय तं कसला रे तू अ‍ॅक्टर?” दत्ता म्हणायचा, “तोंड दिसत नाय म्हनून तं चाललंय.”

‘भुर्रवीर’च्या नायकासाठी आम्ही मोठमोठे आवाज ऐकले होते. एकही बसेना. भरदार आवाजात तो लिफ्टवाला कीर्तनकार वाटायचा. दत्ता त्या दिवशी पहारेकऱ्याच्या तीन वाक्यांसाठी आला होता. गिऱ्हाईक जेवायला गेलेलं. मी म्हटलं, दत्ता, जरा उभा राहा रे इथे. पडद्यावर तो माणूस पहिल्यांदा जमिनीवरून उचलला जातो, खाली बघतो आणि घाबरतो. माझं लिहिलेलं वाक्य होतं, ‘अरे देवा, माझे पाय कुठे गेले?’ दत्ताने ते बाजूला सारलं आणि घरच्या सुरात, नाकातून, काकुळतीला येऊन म्हणाला, “बाबौ! पाय कं गेलं माझं?”

काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणारा माणूस खुर्चीतून घसरला. सगळा सिनेमा मग दत्तानेच केला. नायक दर उड्डाणाआधी एक छोटासा शब्द म्हणायचा, ओठ घट्ट मिटून मग फुटणारा. तिथे मी ‘भुर्र’ लिहिलं होतं, पण तो शब्द उडाला तो दत्तामुळे. गालात हवा धरून, ओठ थरथरवून तो असा सोडायचा की आपल्यालाच टाचा उचलाव्याशा वाटत.

पुढे माझे यजमान गेले. मुलगी लग्न होऊन नाशिकला होतीच. मुंबईचे स्टुडिओही हळूहळू बदलले. पूर्वी चार माणसं एकाच माइकभोवती उभी राहून भांडणाचा प्रसंग करायची. कुणाचा धक्का लागायचा, कुणाचं वाक्य कुणी खायचं. आता प्रत्येक जण आपल्या घरी, आवाज घुमू नये म्हणून कपाटात तोंड घालून, एकटा आपली वाक्यं म्हणतो आणि पाठवून देतो. प्रियकर पुण्यात आज म्हणतो, प्रेयसी नागपुरात पुढच्या महिन्यात उत्तर देते. मी थळला माझ्या खोलीत बसून ती एकापुढे एक लावते. दिवसभर माझ्या कानात माणसं बोलत असतात आणि हेडफोन काढला की घरात फ्रिजची घरघर तेवढी.

त्याच सुमारास दत्ताचा आवाज बसला. आधी आम्हाला वाटलं, ओरडून बसला असेल. मग तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी त्याचं स्वरयंत्रच काढून टाकलं. हॉस्पिटलात गेले तेव्हा गळ्याला भोक, त्यावर पांढरा रुमाल आणि हातात मोबाइल. मला बघून त्याने टाइप केलं, ‘ताय, आता खरंच तोंड दिसतं, आवाज नाय.’ मी हसले. बाहेर जिन्यात येऊन मग बसले.

‘भुर्रवीर’च्या दुसऱ्या भागाची मेल आली तेव्हा त्या गोष्टीला बराच काळ लोटला होता. ‘पुन्हा भुर्र’. सिनेमाच्या कंपनीने विचारलं, नायकाचा आवाज पहिल्याच माणसाचा ना? मी सगळं कळवलं. उत्तर एका ओळीचं आलं: वाईट वाटलं, दुसरं कुणी बघा. त्यांचीही चूक नाही. मेल लिहिणाऱ्या नव्या माणसांनी दत्ताला कधी पाहिलेलंच नव्हतं.

दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपण जाऊन सांगावं म्हणून निघाले. त्याची बायको कल्पना हिला आधी फोन केला. ती म्हणाली, “या ना ताय. पन सिनेमाचं नका काडू.” रेवसहून लाँचने करंजाला उतरले आणि रिक्षाने त्याच्या गावी. दत्ता ओट्यावर बसला होता. बराच वाळला होता. मी टेकते न टेकते तोच त्याने मोबाइलवर काहीतरी लिहिलं आणि बटण दाबलं. मोबाइलमधून एका बाईचा गोड, सपाट, अगदी शुद्ध आवाज आला:

“माझ्या जागी कोण?”

त्याने दुसऱ्या भागाची जाहिरात आधीच पाहिली होती.

“अजून कुणी नाही,” मी म्हटलं. “शोधायचाय.”

कल्पना ताडकन उठून आत गेली. मी मागोमाग गेले. ती चुलीजवळ उगाचच भांडी हलवत होती.

“मी सांगितलं होतं, नका काडू.”

“मी नाही काढलं गं. त्यालाच माहीत होतं.”

“ती बाई ऐकलीत ना?” बाहेर ओट्याकडे, दत्ताच्या मोबाइलकडे बोट करून ती म्हणाली. “माझ्या घरात आता तीच बोलते. मना वाचाया येत नाय, म्हनून ह्यानी तिला आनली. पानी दे, ती बोलते. गोली दे, ती बोलते. येका रातीला मीच बोलले, बंद कर ती सवत. तेवापासून ह्यो तिला पन जास्त बोलू देत नाय. दोघं गप जेवतो नि गप झोपतो.”

वाक्यं शोधणं हा माझा धंदा, पण तिथे बसेल असं एकही सापडलं नाही.

बाहेर आले तर दत्ता माझ्या पिशवीतला लॅपटॉप खुणेने मागत होता. मी तो नेहमी बरोबर ठेवते. नाही म्हणवेना. दुसरा भाग उघडून दिला. सुरुवातीच्याच प्रसंगात पूल तुटतो आणि नायक वरून बघून ओरडतो. मी कच्चं वाक्य लिहिलं होतं, ते वाचून दाखवलं: “अरे, पुलाचा तुकडा पडला!”

दत्ताने प्रसंग मागे नेला, पडद्याकडे बघत माझं वाक्य ओठांनी म्हटलं, आणि मान हलवली. परत म्हटलं, परत मान हलवली. मग बोटाने आपले ओठ दाखवले. पडद्यावरच्याचे ओठ सुरुवातीलाच मिटत होते. माझं ‘अरे’ उघडं होतं. पुढेही चारदा मिटत होते, माझ्या वाक्यात दोनदाच. मी एरवी हे सगळं आरशात बघून, स्वतःशी पुटपुटून करते, आणि आवाज ऐकू आला की कान फसवतो; जे बसलं नाही तेही बसल्यासारखं वाटतं. दत्ताकडे आता फक्त ओठ होते. चूक लपायला जागाच नव्हती.

“बाप रे, पुलाला भोक पडलं?” मी विचारलं.

त्याने ते म्हटलं. वाक्य हातमोज्यात हात जावा तसं बसलं. माझ्याकडे बघून त्याने भुवया उडवल्या. हा जुना दत्ता होता.

एवढ्यात दारात उभी राहून आमच्याकडे बघणारी कल्पना म्हणाली, “मामानं मुलाला पोपट धाडला? कोन मामा?”

प, ब, म ओठांवर सारखेच दिसतात. तिने आपल्या परीने वाचलं होतं. दत्ता हसायला लागला. आवाज काहीच नाही, खांदे तेवढे गदागदा हलत होते. मग गळ्यातून खोकला आला आणि कल्पना रुमाल घेऊन धावली, पण तीही हसतच होती.

त्यानंतर तो सगळा हिवाळा ती दोघं माझ्याकडे येत राहिली. सकाळची लाँच धरायची, रेवसहून मिनीडोर रिक्षा, आणि चहाच्या वेळेला थळला हजर. दत्ताला एकटं सोडायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून कल्पना सोबत यायची. मी आणि दत्ता पडद्यापुढे. ती समोर जमिनीवर बसून जवळ्याची सुकट निवडायची, नाहीतर लसूण सोलायची. पडदा तिला दिसत नसे, दत्ताचं तोंड दिसायचं. हात चालू ठेवून ती मध्येच ओरडायची, “माज्या बायकोनं भात जालला?” मी म्हणायचे, “‘माझ्या बायकोने बाण काढला’.” “मंग भाताचं काय वाईट हाय? भातच ठेवा.” एक-दोनदा तिचं वाक्य माझ्यापेक्षा चांगलं बसलं आणि मी निमूटपणे ते ठेवलं.

सिनेमा तसा साधाच होता. पहिल्या भागात हवेत उडणारा लिफ्टवाला आता लग्न करून, खाऊनपिऊन सुखी झालाय आणि त्यामुळे जड झालाय. त्याला उडताच येत नाही. तेवढ्यात एक म्हातारी सगळ्या शहराचं वजन चोरते आणि माणसं, गाड्या, कुत्री सगळं तरंगायला लागतं. जमिनीवर उरतो हा एकटा जड माणूस. त्यात मोठं असं काही नव्हतं. पण त्या खोलीत इतकी वर्षं एकटीने काम केल्यावर शेजारी दुसऱ्या माणसाचा श्वास ऐकू येणं, कुणीतरी ‘नाही, नाही’ म्हणून मान हलवणं, लसूण सोलता सोलता तिसऱ्याच माणसाने नाक खुपसणं, याची मला किती भूक होती ते तेव्हा कळलं. त्यांच्या लाँचची वेळ झाली की मी काहीतरी खुसपट काढून त्यांना थांबवायला बघत असे.

नायकाचा नवा आवाज मिळाला पुण्यातला. आदित्य. नाटकात काम करणारा, अदबशीर, मेहनती. त्याने पहिला भाग अनेकदा ऐकून दत्ताची लकब उचलली होती. बाकी सगळं जमलं, ‘भुर्र’ जमेना. तो ते गळ्यातून काढायचा. मोटारसायकल सुरू झाल्यासारखं वाटायचं. शेवटी तोच म्हणाला, “मॅडम, मला सरांशी बोलता येईल का?” मग जीभ चावून, “म्हणजे, बघता येईल का?”

व्हिडिओ कॉल लावला. दत्ताने शर्टाची कॉलर नीट केली, रुमाल सारखा केला आणि शिकवायला बसला. गळ्यावर हात ठेवून ‘इथून नको’. गाल फुगवून, त्यावर बोट टेकवून ‘इथून’. मग ओठ मिटले आणि गालातली हवा सोडली. गळ्यातून तर काही येणं शक्यच नव्हतं. पण ओठ थरथरले आणि एक बारीक, कोरडा ‘फुर्र’ निघाला. त्या ऑपरेशननंतर त्याच्या तोंडून मी ऐकलेला तो पहिला आवाज. कल्पनाचा हात लसणावर थांबला.

आदित्य स्क्रीनच्या जवळ सरकला. मग म्हणाला, “मॅडम, शेवटाकडे नायक उडायला जातो आणि उडत नाही, नुसती हवा सुटते, तो प्रसंग आहे ना? तिथे सरांचाच हा आवाज घ्या ना. माझ्यापेक्षा शंभरपट बरोबर आहे.”

मलाही ते एकदम पटलं. मी दत्ताकडे आशेने पाहिलं. त्याने बराच वेळ टाइप केलं आणि मोबाइल माझ्याकडे सरकवला. लिहिलं होतं: ‘आयुष्यातला शेवटचा आवाज, आन तोही पादल्यासारखा? नको ताय. पोराला करू दे.’

आदित्यने केलं. आणि चांगलं केलं. त्या दिवशी शिकल्यावर त्याचं ‘भुर्र’ही सुटलं.

सिनेमा लागला तेव्हा आम्ही तिघं पनवेलच्या एका मॉलमध्ये दुपारचा खेळ बघायला गेलो. तुरळक कुटुंबं होती. पोरं खिदळली, पुलाला भोक पडलं तेव्हा एका बाईने हातातले पॉपकॉर्न सांडले, म्हातारी हरली तेव्हा टाळ्याही पडल्या. आदित्यच्या पहिल्या ‘भुर्र’ला मी डोळ्याच्या कोपऱ्यातून दत्ताकडे पाहिलं. तो पडद्याकडे बघत नव्हताच. मागे वळून प्रेक्षकांकडे बघत होता. कुणी चमकतंय का, शेजारच्याला काही विचारतंय का, हे शोधत होता. मग हळूच पुढे वळला.

खेळ संपला. बाहेर आमच्यापुढे एक बाप आपल्या मुलाला विचारत होता, “काय रे, आवडला?” मुलगा म्हणाला, “मस्त!” आणि त्याच दमात, “आपण आता काय खायचं?” सरकत्या जिन्यावरून खाली पोचेपर्यंत त्यांचं बोलणं डोशावर गेलं होतं. पुढच्या आठवड्यात एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, त्यांचा सारांश हाच: बघताना मजा येते, बाहेर पडल्यावर आठवत नाही.

मॉलच्या दाराशी दत्ताने मला थांबवलं आणि मोबाइल दाखवला. ‘आवाज बदलला ते कोणाला कळलं?’

मी खोटं बोलू शकले असते. एखादं पोर काहीतरी म्हणाल्याचं सांगता आलं असतं. असली वाक्यं रचण्यातच माझं आयुष्य गेलंय. पण समोर दत्ता होता. त्याला ओठ वाचता येत होते.

“नाही रे,” मी म्हटलं. “कुणालाच नाही.”

त्याने काहीतरी लिहिलं, पुसलं. परत लिहिलं, परत पुसलं. शेवटी एवढंच दाखवलं: ‘आदित्यला सांगा, बेस केलंस.’ आणि तो रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. उरणच्या दिशेने कंटेनरचे ट्रेलर एकामागोमाग एक चालले होते.

मी पुढे सरून काहीतरी समजूत घालायला हवी होती असं कुणी म्हणेल. न ओळखू येणं हीच आपल्या कामाची पावती, असं मी नवीन मुलांना इतकी वर्षं सांगत आले. त्या दिवशी ते वाक्य माझ्या स्वतःच्याच तोंडात बसेना.

त्यानंतर त्यांचं येणं बंद झालं. काम संपलं होतं. यायचं कारणच नव्हतं. मी मेसेज करायचे, दत्ता कधी अंगठा पाठवायचा, कधी तोही नाही. कंपनीने कळवलं की पुढची कामं आता यंत्राच्या आवाजांत करून बघणार आहेत, गरज पडली तर बोलवू. गरज पडली नाही. मी हेडफोन पुसून डब्यात ठेवला. दुपारी किनाऱ्यावर एक फेरी मारायचे. पोरं नव्याच कुठल्यातरी सिनेमातलं काहीतरी ओरडत असायची. मुलगी फोनवर म्हणायची, आई, नाशिकला ये. मी म्हणायचे, बघू. त्या दिवसांत एकदा माझ्या लक्षात आलं, की सकाळपासून मी तोंड उघडून एक शब्दही बोललेले नाही. मुद्दाम मोठ्याने ‘थांब’ म्हणून पाहिलं. घरात कोणी थांबायला नव्हतं.

एका रविवारी दुपारी कल्पनाचा फोन आला.

“ताय, टीवीवर तुमचा सिनेमा लागलाय. दुसरावाला.”

“हो का? मला ठाऊक नव्हतं. दत्ता बघतोय?”

“बघतोय न. आवाज बंद केलाय त्यानी. बंद करून सगलं सोता बोलतोय, ओठानी. मी त्याच्या म्होरं बसलेय, टीवीला पाठ करून. मना सगलं कलतंय, ताय.”

मी खुर्ची ओढून बसले.

“सांगू? बघा बरोबर हाय का,” ती म्हणाली, आणि दत्ताच्या तोंडाकडे बघत एकेक वाक्य मला सांगायला लागली. “बाप रे, पुलाला भोक पडलं. हा, आता ह्ये वलखते मी. मंग... बायको, माजी पँट कुटं ठेवलीस. बरोबर?”

“बरोबर.”

“म्हातारे, माझं वजन मना परत दे.”

“बरोबर.”

“मी एकटा जमिनीवर राहून काय करू.”

हे मला आठवेना. “असेल,” मी म्हटलं.

“असंल काय? तुमीच लिवलंत ना?”

“लिहिलं मीच गं. पण विसरले.” विसरलेच होते. वर्षभरही झालं नव्हतं आणि माझ्या हातची, तिघांनी हसतखेळत बसवलेली वाक्यं मला परकी वाटत होती. एकामागोमाग एक ती सांगत गेली. काही ओळखीची निघाली, बरीचशी नाही. मी हं, हं करत राहिले.

“आता काय बोलतोय... भात लावलास का?” ती थांबली. “ताय, भात हाय का ओ त्यात?”

मी आठवून पाहिलं. तिने सुचवलेला भात कुठेतरी ठेवला होता का? “नसावा बहुतेक,” मी म्हटलं. “परत बघ बरं.”

“भात... लावलास...” ती पुटपुटली. मग कल्पना हसायला लागली. इतकी हसली की तिला बोलता येईना.

“ताय, ह्यो सिनेमातलं नाय बोलत! कवाचा मनाच इचारतोय, भात लावलास का. थांबा हां जरा.”

तिने फोन खाली ठेवला आणि मी लाइनवर आहे हे विसरली. पातेल्यात तांदूळ पडल्याचा आवाज आला. मग तिचं बोलणं. “लावते, लावते, दम हाय का नाय?” थोडी शांतता. “कालच केलेलं ना ते.” शांतता. “तुज्या आईशीला आवडायचं म्हनून मना बी आवडाया पायजे का?” परत शांतता, जरा लांब, आणि तिचं हसणं. तिच्या दोन वाक्यांच्या मध्ये दरवेळी तेवढीच जागा सुटत होती, जेवढी एका माणसाला आपलं वाक्य बोलायला लागते. सवयीने मी त्या जागांची लांबी धरू लागले, तिथे काय बसेल ते शोधू लागले. मग सोडून दिलं. ते मी लिहिलेलं नव्हतं.

बराच वेळ मी तशीच फोन कानाला लावून बसले होते. शेवटी हळूच तो बंद केला आणि माझा भात लावायला उठले.